कोळशाची शेगडी: पेटवायची कशी, ठेवायची कुठं

आम्ही माळशेज घाटाच्या माथ्याकडच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आमच्यातल्या दोघींचा आवाज तुम्ही मागं पापडाच्या कार्यक्रमात ऐकला असेल. या खेपेला केंद्रातल्या ताईंनी विचारलं, "कशावर बोलाल?" आम्ही म्हटलं, "कोळशावर." ताई हसल्या. म्हणाल्या, "कोळशावर काय बोलायचं? पेटवला की झालं." आम्ही म्हटलं, "ताई, ते पेटवायलाच तर आम्हाला दोन पावसाळे लागले."

पावसाळ्यात कल्याणकडून घाट चढून गाड्या येतात. धुकं बघायला, धबधबे बघायला, पुढं पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी बघायला माणसं थांबतात. थांबली की त्यांना चहा लागतो आणि भाजलेलं कणीस लागतं. आम्ही रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधून चार बाया कणसं भाजतो. शनिवार-रविवारी शंभरच्या वर कणसं जातात. बाकीचे दिवस तसेच. चूल आम्हाला नवी नाही, लहानपणापासून फुंकतोय. पण चुलीतलं लाकूड वेगळं आणि शेगडीतला कोळसा वेगळा, हे आम्हाला धंद्यात उतरल्यावर कळलं.

पहिल्या वर्षी आम्ही काय करायचो, ते आधी सांगतो. कोळशाचा ढीग करायचा, वर रॉकेल शिंपडायचं, काडी लावायची. भपकन जाळ व्हायचा. आम्हाला वाटायचं, पेटला. पाच मिनिटांनी रॉकेल जळून जायचं आणि कोळसा काळाच्या काळा. मग परत रॉकेल. एकदा एका गाडीतून उतरलेल्या लहान पोरीनं कणसाचा घास घेतला आणि आईला म्हणाली, "याला स्टोव्हचा वास येतोय." तिच्या आईनं पैसे दिले, पण कणसं तिथंच ठेवून गेली. त्या दिवशी आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसलो.

वासाचं एक झालं. दुसरं त्याहून वाईट. कोळसा विझला असं वाटतं, पण आत कुठंतरी इंगळ धुमसत असतो. त्यावर रॉकेल ओतलं की आधी त्याची वाफ होते आणि मग ती वाफच एकदम पेट घेते. जाळ सरळ हातातल्या बाटलीकडं येतो. आमच्यातल्या एकीच्या भुवया अशाच गेल्या. भुवया परत आल्या, म्हणून आता हसतो. डोळे गेले असते तर? तेव्हा रॉकेल, डिझेल, पेट्रोल, हात धुवायचं सॅनिटायझर, यातलं काहीही कोळशावर ओतू नका. काही जण प्लॅस्टिकची पिशवी नाहीतर सायकलच्या ट्यूबचा तुकडा पेटवून त्यावर कोळसा धरवतात. तो काळा धूर विषारी असतो, तो कणसात उतरतो आणि आधी आपल्या छातीत जातो.

आता कोळसा कसा घ्यायचा ते. स्वयंपाकाला लाकडी कोळसाच हवा. दगडी कोळसा खाणीतला, त्याला गंधकासारखा वास मारतो, त्यावर खायचं काही भाजू नये. लाकडी कोळशाचा तुकडा नीट बघितला तर लाकडाच्या रेषा, सालीची खूण दिसते. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. चांगला कोळसा खणखणतो, काचेसारखा आवाज येतो. मोडला की आत काळाभोर आणि चमकदार. कच्चा कोळसा आपटला तर थप्प वाजतो, हाताला जड लागतो, मोडला की आत तपकिरी रंग दिसतो. म्हणजे लाकूड पुरतं जळलेलं नाही. असा कोळसा शेगडीत धूर करतो, डोळे चुरचुरतात. दुकानदार पोत्याचं तोंड उघडून वरचे मोठे तुकडे दाखवतो. आपण पोतं उलटं करून तळाचं बघायचं. तळाला निम्मी भुकटी, माती आणि खडे निघाले तर ते पोतं स्वस्त असूनही महागच. पाणी मारलेला कोळसाही असतो, वजन वाढायला. हाताला गार आणि दमट लागतो.

बाभळीचा कोळसा आम्हाला सगळ्यात आवडतो. जड लाकडाचा कोळसा उशिरा धरतो, पण धरला की तासभर टिकतो. बाजारात वेड्या बाभळीचाही पुष्कळ येतो, गुजरातेतल्या कच्छकडं आणि खाली तमिळनाडूत रामनाथपुरमकडं तो मोठ्या प्रमाणावर करतात. तो चांगला असतो. हलक्या लाकडाचा कोळसा चटकन पेटतो आणि चटकन राख होतो. पेटवायला तो थोडा जवळ असावा, भाजायला नाही.

हा कोळसा होतो कसा, तेही जाताजाता सांगतो, कारण ज्यांना माहीत नाही त्यांना वाटतं की लाकूड जाळून विझवलं की कोळसा. तसं नसतं. लाकडाचा ढीग रचतात, वर पालापाचोळा आणि माती लिंपतात, हवेला बारीक भोकं ठेवतात आणि आतून पेटवतात. हवा पुरेशी मिळत नाही म्हणून लाकूड भडकत नाही, दिवसेंदिवस आतल्या आत शिजतं. आधी दाट पांढरा धूर निघतो, तो पाण्याचा. मग धूर विरळ आणि निळसर झाला की भोकं बुजवून भट्टी थंड होऊ देतात. अशा साध्या भट्टीत पाच-सहा किलो लाकडाला किलोभर कोळसा मिळतो. त्या भट्ट्यांवर राबतं कोण? रायगड, ठाण्याकडची कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की उचल घेऊन पोराबाळांसकट भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत तिथंच. आमच्या हातात येणारं पोतं त्यांच्या अंगावरून आलेलं असतं. म्हणून आम्ही कोळशाचा एक तुकडा वाया जाऊ देत नाही. गटातली धाकटी म्हणते, "एवढ्यानं त्यांचं काय भलं होणार?" तिचं खरं आहे. पण उधळणं तरी नको.

आणि ज्यांना स्वतः कोळसा पाडून विकावासा वाटेल त्यांनी आधी वनखात्याच्या कचेरीत विचारावं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कोळसा हा वनोपज म्हणून लिहिलेला आहे, मग तो जंगलातल्या लाकडाचा असो नाहीतर बांधावरच्या. वाहतुकीला पास लागू शकतो. आपल्या बाभळीचा म्हणून टेम्पोत भरला आणि नाक्यावर अडकला, असं नको.

पोतं घरी आलं की आम्ही एक दुपार निवडायला देतो. गोणपाटावर ओतायचं आणि तीन वाटे करायचे. मुठीएवढे तुकडे एकीकडं, लिंबाएवढे दुसरीकडं, भुकटी तिसरीकडं. डोक्याएवढे आले तर गोणपाटात गुंडाळून हातोडीनं फोडायचे, उघड्यावर फोडले तर कपच्या डोळ्यात जातात. खडे आणि सालं काढून टाकायची, खडा तापला की फटकन फुटतो. हे निवडणं कशाला? तर सगळे तुकडे साधारण एका मापाचे असले की मधे फटी राहतात, फटींतून वारा खेळतो. भुकटी मधेच आली की फटी बुजतात आणि शेगडी गुदमरते. कोळसा पेटत नाही म्हणून आपण वरून फुंकत बसतो, खरं दुखणं खाली असतं.

पावसाळ्यात कोळसा दमट होतो. दमट कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो. पोतं जमिनीवर ठेवू नका, भिंतीला टेकवू नका. फळीवर ठेवा, वर ताडपत्री. ऊन पडलं की पसरा. ऊन नसेल तर आदल्या दिवशीची शेगडी विझून गार होत आली की तिच्याशेजारी पाटीत पसरून ठेवा. शेजारी म्हणतोय, वर नाही.

आता पेटवण्याचं. रॉकेल सोडल्यावर आम्ही एक जुगाड केलं, ते तुम्हाला नीट समजावून सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा. जस्ताच्या पत्र्याची बादली नको, जस्त तापलं की त्याचा धूर अंगाला बाधतो. रंगाचा डबा तर नकोच. तेलाच्या डब्याचं झाकण आणि बूड दोन्ही कापून टाका, म्हणजे चौकोनी नळकांडं उरेल. कापलेल्या कडा हातोडीनं आत वळवा, नाहीतर हात कापतो. मग एका टोकापासून चार बोटं वर समोरासमोरच्या बाजूंना भोकं पाडा आणि त्यातून लोखंडी सळया आरपार घाला. आमच्या डब्यात पाच सळया एका दिशेनं आणि तीन आडव्या आहेत. ही झाली जाळी. जाळीच्या खाली, चारी बाजूंना दोन रुपयाच्या नाण्याएवढी तीन-तीन भोकं. वरच्या बाजूला जाड तारेच्या दोन कड्या आणि त्यात लाकडी दांडा घालता येईल अशी सोय. एवढंच. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलंत तरी चालेल, पण आम्ही घरी खिळा आणि हातोडीनंच केलं. पहिल्यांदा हा डबा उघड्यावर रिकामाच तापवून घ्या, बाहेरचा रंग आणि आतलं तेल जळून जाऊ द्या. तेव्हा वाऱ्याच्या उलट्या अंगाला उभ्या राहू नका.

पेटवताना डबा तीन विटांवर ठेवायचा. जाळीच्या खाली चुरगळलेला कागद, नारळाच्या शेंड्या किंवा कणसाची वाळलेली सालं भरायची. आमच्याकडं कणसांच्या सालांना तोटा नाही, आदल्या आठवड्यातली वाळवून ठेवतो. जाळीच्या वर आधी लिंबाएवढे तुकडे, त्यावर मुठीएवढे, निम्मा डबा भरेपर्यंत. मग खालच्या भोकातून काडी लावायची आणि बाजूला व्हायचं. फुंकायचं नाही, वारा घालायचा नाही. पहिली पाच मिनिटं पांढरा धूर येतो, त्याला घाबरायचं नाही. गरम हवा वर चढते आणि ती वर गेली की खालून ताजी हवा ओढली जाते, घराच्या धुराड्यासारखं. खालचे तुकडे पेटले की ते वरच्यांना पेटवतात. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या तुकड्यांच्या कडा राखाडी होतात आणि मधून लाल दिसायला लागतं. मग कड्यांत दांडा घालून दोघींनी डबा उचलायचा आणि शेगडीत सावकाश उलटा करायचा. एकटीनं हे करू नका. आणि रिकामा झालेला डबा गवतावर ठेवू नका, तो अजून लाल असतो.

डबा नसेल तर नुसत्या शेगडीतही काम होतं. पण आधी शेगडीच्या जाळीखालची कालची राख काढा. दहातल्या आठ वेळा कोळसा न पेटण्याचं कारण तीच तुंबलेली राख असते. शेगडीचं तोंड वाऱ्याकडं करा. जाळीवर मधोमध करवंटीचे दोन तुकडे आणि काटक्या रचून पेटवा, जाळ चांगला धरला की भोवतीनं आणि वर बारीक कोळसा घाला, तो लाल झाला की मोठा. एकदम ढीग ओतला की जाळ मरतो. चाक फिरवून वारा देणारा पंखा कणीसवाल्यांकडं असतो, तो चांगला, पण सावकाश फिरवायचा. जोरात फिरवला तर राख कणसावर आणि ठिणग्या पदरावर.

पदराचं आत्ताच सांगून टाकतो. पदर कमरेला खोचलेला हवा, ओढणी मागं गाठ मारून. नायलॉनची साडी पेटली की ती अंगाला चिकटते, सुती त्यामानानं बरी. शेजारी पाण्याची बादली आणि एक पाटी माती. भाजलंच तर भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, शाई लावू नका, डॉक्टरला दाखवा.

तर कोळसा शेगडीत आला. लगेच कणीस टाकू नका. जाळ दिसतोय तोवर कणीस वरून काळं होतं आणि आतून कच्चं राहतं. जाळ बसू द्या, धूर थांबू द्या, निखाऱ्यावर राखेचा पातळ पांढरा थर येऊ द्या. मग शेगडीच्या एक वीत वर तळहात धरून सावकाश मोजा. दोन म्हणेपर्यंत हात काढावा लागला तर धग फार आहे, पापड भाजा. चार-पाचपर्यंत धरता आला तर कणसाला आणि वांग्याला बरोबर. आठच्या पुढं गेलात तर कोळसा घाला. आम्ही निखारे एका अंगाला जास्त आणि दुसऱ्या अंगाला कमी ठेवतो. जास्त धगीवर कणीस फिरवत भाजायचं आणि गिऱ्हाईक चहा पीत असेल तर कमी धगीकडं सरकवून ठेवायचं. गावठी पांढरी मका निखाऱ्यावर भाजावी, गोड मका उकडून खावी, असं आमचं मत आहे. शहरातली माणसं उलटं मागतात, त्यांना आम्ही देतो. भरिताचं वांगं मात्र जाळीवर नको, निखाऱ्यात खुपसा आणि रताळं फुफाट्यात पुरा. त्याची चव गॅसवर येत नाही, हे तुम्हाला आम्ही काय सांगायचं.

इथवरचं बोलणं धंद्याचं. आता जे सांगणार आहोत, ते खरं तर सांगायला आम्ही आलोय.

मागच्या श्रावणातली गोष्ट. दिवसभर पाऊस, संध्याकाळी तर धारा लागल्या. ताडपत्री उडाली. सामान ठेवायला आम्ही रस्त्यालगत एक पत्र्याची खोली घेतलीय, दहा बाय दहाची. आम्ही चौघी चिंब भिजलेल्या, दात वाजत होते. शेगडीत निखारे होते, चांगले लाल. आमच्यातली एक म्हणाली, "आत घेऊया, लुगडी तरी सुकतील." घेतली. वारा आत येत होता म्हणून दार लावलं, खिडकीच्या फटीत गोणपाट कोंबलं. जाळ नव्हता. धूर नव्हता. धूर नाही म्हणजे भीती नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. उलट वाटलं, किती छान ऊब आली.

अर्ध्या-पाऊण तासानं एकीचं डोकं ठणकायला लागलं. दुसरी म्हणाली, "माझंपण. सकाळपासून चहावरच आहोत, पित्त झालं असेल." तिसरीला मळमळलं. आमच्या मावशी, वयानं सगळ्यात थोरल्या, भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. आम्हाला वाटलं, दमल्यात, डुलकी लागली. उठून दार उघडावं असं एकीच्या मनात आलं होतं, ती नंतर सांगते, पण पायात बळच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर काही वाटतच नव्हतं. भीतीसुद्धा नाही.

मावशींचा मुलगा आम्हाला न्यायला पिकअप घेऊन आला. त्यानं हाका मारल्या, दार वाजवलं, आतून नीट उत्तर येईना. त्यानं लाथ घालून दार उघडलं आणि एकेकीला धरून बाहेर पावसात आणलं. मावशी उठत नव्हत्या. तो "आई, आई" म्हणून ओरडत होता आणि आम्ही चिखलात बसून ओकत होतो. दवाखान्यात नेईपर्यंत त्या शुद्धीवर आल्या, पण आपण कुठं आहोत ते त्यांना कळत नव्हतं. डॉक्टरबाईंनी नाडी बघायच्या आधी विचारलं, "खोलीत काय पेटवलं होतं?" सगळ्यांना ऑक्सिजन लावला. मावशींना दोन दिवस ठेवून घेतलं. नंतर महिनाभर त्या मधेच बोलायचं विसरायच्या, हिशेबात चुकायच्या. मावशी हिशेबात कधी चुकत नव्हत्या.

डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्याला झोंबत नाही. लाकडाच्या धुरात निदान खोकला येतो, आपण उठून बाहेर जातो. निखाऱ्याचा हा वायू उठवत नाही, झोपवतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू अंगभर पोचवतं. हा वायू त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो आणि आतून गुदमरत असतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पाय गळणं, ही खूण. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं आणि शेगडी पेटलेली असली, तर पित्ताच्या गोळीच्या मागं लागू नका. सगळ्यांना उघड्यावर काढा, शेगडी बाहेर न्यायच्या नादात आत थांबू नका, आणि १०८ ला फोन करा. पोटुशी बाई असेल तर तिला बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, पोटातल्या बाळाला आईपेक्षा जास्त धोका असतो.

आणि ऐका, निखाऱ्यावर राख चढली, वर हात धरवतोय, विझत आलाय, तरी वायू निघतच असतो. "आता आत घ्यायला हरकत नाही" अशी वेळ कोळशाला येतच नाही. थोडी खिडकी उघडी ठेवली, एवढ्यानंही भागत नाही.

हे कळल्यावर आमच्या डोळ्यांसमोर पहिलं काय आलं असेल? बाळंतिणीची खोली. बाजेखाली शेगडी, दारं-खिडक्या बंद, वारा लागू नये म्हणून पडदे, आणि आत ओली बाळंतीण आणि आठ दिवसांचं लेकरू.

यंदाच्या पौषात आमच्यातल्या एकीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. घरात आजेसासूबाई, वय पंचाऐंशीच्या पुढं. त्यांनी बाज मांडली आणि कोळसा मागितला. आमची मैत्रीण म्हणाली, "आत्याबाई, शेगडी आत नको." आजी भडकल्या. "मी सहा बाळंतपणं शेगडीवर काढली. तुझा नवरा त्याच शेगडीवर शेकलाय. मेला का तो?" आता यावर सून काय बोलणार? ती गप्प बसली आणि रात्री आम्हाला बोलवायला आली.

आम्ही सगळ्या गेलो. मावशी पुढं. मावशींनी आजींना म्हटलं, "आजी, तुमच्या बाळंतपणाला घर कोणतं होतं?" आजी म्हणाल्या, "जुनं. कौलारू." "कौलांतून ऊन यायचं का?" "यायचं की. धूरसुद्धा जायचा." "कुडाच्या भिंतीला फटी?" "होत्या. मांजर यायचं जायचं." मग मावशींनी वर बोट केलं. वर स्लॅब. खिडकीला काच, दाराखाली रबराची पट्टी. मावशी म्हणाल्या, "तुमची शेगडी चांगलीच होती हो. घर बदललंय. इथं वायू जायचा कुठून?" मग त्यांनी आपलं सांगितलं, कसं झालं होतं ते. आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे शेक द्यायचाच नाही?"

द्यायचा ना. शेगडी पडवीत, उघड्यावर ठेवली. तिच्यावर तवा. तव्यावर सुती फडकं आणि ओव्याची पुरचुंडी गरम करायची, आपल्या गालाला लावून बघायची, मग आत नेऊन शेकायचं. रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायाशी, कापडात गुंडाळून. बाळाला आईच्या उघड्या छातीशी घेऊन वरून गोधडी, तोंड मोकळं, डोक्याला टोपडं. त्याहून चांगली ऊब कुठली नाही. शेपा-ओव्याची धुरी आजींना हवीच होती. ती पडवीतच झाली, बाळंतीण आणि बाळ आत असताना. आजी म्हणाल्या, "मग ती कुणाला लागली?" आम्ही म्हटलं, "आम्हाला." तेल लावायचं काम आजींकडं दिलं, ते त्यांनी सव्वा महिना कुणाला करू दिलं नाही. शेगडीवरून त्या अजून कुरकुरतात. कुरकुरू देत.

शेवटी शेगडी विझवायची कशी तेवढं राहिलं. गरम शेगडीवर पाणी ओतू नका, मातीची असेल तर तडकते आणि वाफेनं हात भाजतो. चिमट्यानं उरलेले निखारे एकेक उचलून घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका आणि झाकण लावा. हवा तुटली की विझतात. हा डबा पहिल्या रात्रभर उघड्यावर, घरापासून, गंजीपासून लांब. दुसऱ्या दिवशी गार झाल्याची खात्री करून उघडा. हाच कोळसा परत वापरायचा, तो ताज्यापेक्षा लवकर धरतो, म्हणून डब्यात पेटवताना तो खाली आणि नवा वर. राख दोन दिवसांनीच उचला, तिच्यात इंगळ लपलेले असतात. उकिरड्यावर टाकलेल्या राखेनं कडब्याची गंज पेटलेली आम्ही पाहिलीय. गार राख चाळून भांड्यांना आणि कडधान्यात घालायला होते.

आमच्या पेटवायच्या डब्याचा एक नमुना केंद्रातल्या ताईंकडं ठेवलाय. मापं घ्यायला कधीही या. फक्त उचलून घरी नेऊ नका, एकच आहे, आणि शनिवारी आम्हाला तो परत लागणार आहे.